विसर नको मंडळाचे मानद सल्लागार

आमच्या गावातल्या एकूण एक पुरुषाच्या गळ्याला मी कधी ना कधी वस्तरा लावलेला आहे, तेव्हा माझ्यापुढे कुणी फार शहाणपण करू नये. जपानच्या या समुद्राकाठच्या गावात मी आणि माझे यजमान मोरिओ कुराता, दोघांनी मिळून आयुष्यभर केस कापायचं दुकान चालवलं. ते केस कापायचे, मी दाढी करायचे. कुणाचं डोकं कुठून चपटं आहे ते मला अजून पाठ आहे. त्या डोक्यांच्या आत काय आहे, ते मात्र दुकान बंद झाल्यावर कळलं.

दुकान बंद झालं ते शिमोदा-सानमुळे. हे नगरपालिकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. एका सकाळी केस कापून गेले. त्याच दुपारी मासळी घेऊन दुकानावरून चालले होते, तर मोरिओ दारातून म्हणाले, "या, या शिमोदा-सान! किती वाढवलेत केस!" आणि हा बाबा आत आला, मासळीची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि त्याने पुन्हा केस कापून घेतले. मी वर कपडे वाळत घालत होते. खाली येऊन पाहते तर डोक्यावर नुसती कातडी उरलेली. आरशातून माझ्याकडे असा बघत होता, जशी काही चूक त्याचीच.

मी त्यांना दाराबाहेर गाठलं. "अहो, तोंडात काय मूग धरले होते? बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार, वहिनी? कुराता-सानना वाईट वाटलं असतं."

असं आमचं गाव. गळा कापला तरी चालेल, कापणाऱ्याला अवघडल्यासारखं होता कामा नये. शिमोदा-सान थंडी पडेपर्यंत टोपी घालून फिरले आणि आम्ही दुकानाला कुलूप लावलं.

शहरातले डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे." मी औषध मागितलं, तर म्हणाले, औषध देतो, पण त्याहून जास्त पाय वापरा. छाती धडधडली पाहिजे, घाम आला पाहिजे, डोक्यालाही काम पडलं पाहिजे, आणि हे सगळं चार माणसांत झालं तर फार बरं. "थांबेल असं वचन देत नाही. पण काहींची घसरण जरा हळू होते." काहींची म्हणजे कुणाची, ते मी विचारलं नाही. मोरिओ त्या काहींतले असले पाहिजेत, हे मी परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं.

नेमकं तेव्हाच आमच्या समाजमंदिरात 'विसर नको मंडळ' सुरू झालं होतं. आरोग्य केंद्रातली ओगिनो नावाची नर्स महिन्यातून एकदा येऊन शिकवायची. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बये, मला कुराता-सान म्हण. मी तुझी आजी कधी झाले?" मंडळ होतं विस्मरणाची सुरुवात झालेल्यांसाठी. पण आलेल्या प्रत्येकाला विचारा, उत्तर एकच: "आम्ही आपले खबरदारी म्हणून." विसराळू असा अख्ख्या मंडळात एकच माणूस, माझा नवरा. बाकीचे व्यायामानंतरच्या चहाला आणि शलजमाच्या लोणच्याला आलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशा तिथे बऱ्याच मुठी होत्या.

व्यायाम असा. मोठ्याने आकडे मोजायचे, प्रत्येक आकड्याला पाय बाजूला टाकायचा, परत आणायचा, आणि तिनाच्या पाढ्यातला आकडा आला की तो तोंडाने न म्हणता टाळी वाजवायची. पाय थांबता कामा नयेत. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा. थोड्याच वेळात छातीचा भाता होतो आणि टाळी भलत्याच आकड्यावर पडते. ओगिनो पुन्हा पुन्हा सांगायची, "चुका, आजोबा, चुका! चुकताय म्हणजे डोकं कामाला लागलंय. बिनचूक जमायला लागलं की त्याचा उपयोग गेला, मग आपण चाराचा पाढा घेऊ."

आता चुका असं आमच्या गावाला सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखं. चारचौघांत चुकायचं? त्याहून मेलेलं बरं. झालं काय, की ज्या व्यायामाचा सगळा फायदा चुकण्यात, त्याची ही मंडळी घरी चोरून तालीम करू लागली. मी भाजी आणायला निघाले की शिमोदा-सानच्या न्हाणीघरातून टाळ्या ऐकू यायच्या. आणि कुवाबारा बाई तर पहाटे उठून आपल्या मुळ्याच्या वाफ्यात पाय टाकत. मी एकदा कुंपणावरून हाक मारली, "बाई, काय शोधताय?" तर म्हणतात कशा, "गोगलगाई."

या कुवाबारा बाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हातचे धपाटे खाऊन मोठं झालेलं. पाठीचा कणा असा की भिंतीने लाजावं. ओगिनो नसेल तेव्हा मंडळ त्याच चालवीत, आणि चाराचा पाढा त्यांनी कधी येऊच दिला नाही. "पाया पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा नाही," असं म्हणून तीनच तीन. सगळे इतके तयार झाले, की तालमीत एक टाळी पडायची, एकच. कुणाला घाम नाही, कुणाला धाप नाही. आपसात ठरवून व्यायामाला फसवणारी माणसं मी प्रथमच पाहिली.

फक्त मोरिओ चुकायचे. त्यांची टाळी कायम एक आकडा उशिरा. सगळ्यांची एकदम 'फट्' आणि मागून एकट्याची 'टप्'. मग मोठ्याने हसून म्हणायचे, "चुकलो!" आणि गडबडीने पुन्हा पायांचा ताल धरायचे. कपाळावरून घाम गळायचा. ओगिनो खूश. "शाब्बास आजोबा! असं हवं!" ते ऐकून बाकीच्यांची तोंडं पाहावीत. बिनचूक करणाऱ्यांना शाबासकी नाही आणि चुकणाऱ्याला मिळतेय, हा कुठला न्याय?

मला त्यांच्या तोंडांशी देणंघेणं नव्हतं. मोरिओ रात्री शांत झोपू लागले होते. पाऊस आला की न सांगता वाळत घातलेले कपडे आत आणू लागले होते. एकदा जेवताना म्हणाले, "सादाए, परवाच्या माशात आलं जास्त झालं होतं." परवाचा मासा! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मला जगात दुसरं काही नको होतं, हा माणूस त्या रांगेत उभा राहिला पाहिजे, बस्स.

आणि मग जिल्ह्याच्या आरोग्य मेळाव्याचं निमंत्रण आलं. गावोगावच्या मंडळांनी मंचावर व्यायाम करून दाखवायचा. आमच्या मंडळाने लगेच जांभळ्या बंड्या शिवून घेतल्या. तालमी वाढल्या. पहिल्याच तालमीत 'फट्', 'टप्', "चुकलो!" झालं आणि सगळ्या बंड्या एकमेकींकडे बघू लागल्या.

दोन दिवसांनी कुवाबारा बाई आणि शिमोदा-सान आमच्या घरी आले. लाल चवळीच्या गोड वड्यांचा चांगल्या दुकानातला खोका आणला होता. खोका बघूनच मी काय ते ओळखलं. आमच्याकडे इतकी महागाची वडी एक तर मयताला येते नाहीतर माणूस काढून टाकायला. मी चहा केला. संत्र्यांवर बोलणं झालं. यंदा संत्री लहान आहेत. हो, लहान आहेत, पण गोड आहेत. गोड आहेत, पण साल जाड आहे. चहा निवला तरी संत्री संपेनात.

शेवटी बाईंनी मान लववली. "कुराता-सान, मंडळाच्या वतीने एक विनंती आहे. आपण आमचे मानद सल्लागार व्हावं."

मोरिओ सावरून बसले. "मी? सल्लागार?"

"आपल्यासारखा अनुभवी माणूस रांगेत उभा राहतो, हे आम्हालाच बरं वाटत नाही," शिमोदा-सान म्हणाले. "आपण समोर खुर्चीत बसावं. बघावं. मार्गदर्शन करावं."

"आणि घाम कोण गाळणार? खुर्ची?" मी विचारलं.

"अगं," मोरिओ म्हणाले.

"थांबा हो तुम्ही. शिमोदा-सान, तुम्हाला साधं नको म्हणता येत नाही म्हणून तुमचं डोकं दोनदा भादरलं गेलं. आता तेच सरळ माझ्या नवऱ्याला म्हणा बघू. म्हणा, तुम्ही नकोत."

शिमोदा-सान चहाच्या रिकाम्या पेल्यात बघत राहिले. बाई म्हणाल्या, "कुरातावहिनी, हा मान आहे."

"मान माहितीये मला. मानेवरच वस्तरा फिरवलाय जन्मभर."

पण मोरिओ तोवर जमिनीला कपाळ टेकवून, "आपली कृपा, माझी लायकी नाही," म्हणत होते. डोळ्यांत पाणी. आयुष्यात त्यांना कुणी कसलं पद दिलं नव्हतं. त्या आनंदावर मी काय घाव घालणार? मी पेले पुन्हा भरले नाहीत, एवढंच माझ्या हातात होतं. ती दोघं उठली आणि गेली.

भिंतीशी एक घडीची खुर्ची आली. छातीवर लाल-पांढऱ्या फितीचं मोठं फूल लावून मोरिओ तिच्यात बसू लागले. सुरुवातीला मोजणी चालू झाली की त्यांचा पाय आपोआप हलायचा. मग तो हलायचा थांबला. मग ते खुर्चीतच डुलक्या काढू लागले. मी घरी म्हणायचे, "चला, आपण दोघं करू." तर फुलाकडे बोट दाखवून म्हणायचे, "सल्लागाराला अशा उड्या मारणं शोभत नाही."

मी ओगिनोची वाट बघत होते. ती आली आणि दारातच थांबली. "आजोबा का बसलेत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुवाबारा बाई म्हणाल्या, "त्यांचा गुडघा दुखतो."

"हो का, आजोबा?"

मोरिओंनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाई खोट्या पडू नयेत म्हणून मान हलवून म्हणाले, "हो. गुडघा."

मी ओरडले, "गुडघ्याला काडीचं काही झालेलं नाही!" पण ओगिनोने मला हाताने शांत केलं आणि यजमानांचं दुखणं मान्य न करणारी बायको म्हणून माझ्याकडे असं बघितलं, की मला तिची वेणी ओढावीशी वाटली. सगळ्यात वाईट पुढेच आहे. त्या दिवसापासून मोरिओ खरोखर लंगडू लागले. खोटं बोललोय हे विसरले आणि गुडघा तेवढा लक्षात राहिला.

त्या शरदात ते पुन्हा दुकानाची किल्ली मागू लागले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, आज दाढीला कुणी नाही का?" परक्या बाईला म्हणावं तसं मला बाई म्हणाले. मी मंडळाला इतक्या शिव्या घातल्या की शेजारणीने खिडकी लावून घेतली. मेळाव्याच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले ते एकाच इच्छेने. या मंडळाची सगळ्यांदेखत फजिती व्हावी. देवळात जाऊन तसा नवसही बोलले होते.

इतर गावांचे म्हातारे मंचावर नुसता गोंधळ घालत होते. एकमेकांवर आपटत होते, खिदळत होते, घामाघूम होत होते. मग आमच्या जांभळ्या बंड्या आल्या. काय ते पाय, काय ती टाळी! सगळं सभागृह गार पडलं. मंचाच्या कोपऱ्यात मानद सल्लागार फूल लावून झोपलेले.

पाहुण्या डॉक्टरीणबाई माइक घेऊन म्हणाल्या, "फारच सुंदर. इतकं येतंय म्हणजे तुम्हाला हे आता सोपं झालं. चला, आत्ताच्या आत्ता चाराचा पाढा घेऊ. चुकलात तरी चालेल, चुकण्यासाठीच आहे हे. करा सुरू!"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. बंड्यांची पाचावर धारण बसली. कुणी तिनाला टाळी वाजवली, कुणी पाचाला, शिमोदा-सान एका पायावरच राहिले. सभागृह प्रेमाने हसलं, कारण आत्तापर्यंत सगळेच असे चुकले होते. आमच्या लोकांनी मात्र आपली नागवी धिंड निघावी तशा माना खाली घातल्या.

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कुवाबारा बाई थांबल्या नव्हत्या. एक, दोन, टाळी. एक, दोन, टाळी. पाठ ताठ, नजर समोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान, आता थांबा." एक, दोन, टाळी. "आजी, झालं, थांबा." एक, दोन, टाळी. पुढचा आकडा त्यांना सापडत नव्हता आणि थांबायचं कसं तेही सापडत नव्हतं. हसणं विरत गेलं. शिमोदा-साननी त्यांचं कोपर धरून त्यांना खाली आणलं, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "घंटा झाली का?"

मला नवस फळल्यासारखं अजिबात वाटलं नाही. बसमध्ये सगळे संत्र्यांबद्दल बोलत होते.

पुढच्या आठवड्यात मी समाजमंदिरात गेले तर भिंतीशी दोन खुर्च्या. एकीत मोरिओ जाऊन बसले. दुसरीत छातीवर कोरं करकरीत फूल लावून कुवाबारा बाई. शिमोदा-सान मला कानात म्हणाले, "आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. मोठ्या मनाने त्यांनी मानद पद स्वीकारलं."

"वडी घेऊन गेला होतात?"

"अर्थात."

मी सरळ जाऊन बाईंसमोर उभी राहिले. मनात चांगलं चार वाक्यांचं भाषण तयार होतं. बाईंनी वर बघितलं आणि माझ्या आधी त्याच बोलल्या.

"माझं मला केव्हाचं माहीत होतं, वहिनी. रोज पहाटे वाफ्यात घोकत होते. तीन तेवढे पक्के बसले होते. कुराता-सान शेजारी उशिरा टाळी देत आणि माझा आकडा सुटू बघे. एकदा सुटला की मला परत धरता येत नाही. सगळ्यांना कळेल अशी भीती वाटली."

"म्हणून माझ्या नवऱ्याला खुर्चीत बसवलंत?"

"हो."

"त्यांचं काय झालं ते बघताय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. फुलाची फीत त्यांनी बोटांत गच्च धरली होती. "आता माझंही तेच होणार."

मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. राग मुळीच गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण दोन चांगली माणसं भिंतीला टेकवून ठेवलेली आणि समोर ठणठणीत पायांची रांग बिनघामाच्या टाळ्या वाजवतेय, हे बघून माझं डोकं फिरलं. मी मोरिओंच्या छातीवरचं फूल ओढून काढलं.

"अगं, काय करतेस? मी सल्लागार आहे!"

"होतात. उठा."

"माझा गुडघा..."

"तुमच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

मोरिओंनी पाय लांब केला, वाकवला, पुन्हा लांब केला. मग सगळ्या रांगेकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "मग इतके दिवस मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी दोघांना दंडाला धरून रांगेच्या मधोमध उभं केलं आणि खुर्च्या मिटवून दाराबाहेर पावसात ठेवून आले. शिमोदा-सान पुटपुटले, "वहिनी, पण मंडळात असं कधी..." मी त्यांच्या गळ्याकडे नुसतं पाहिलं. ते रांगेत जाऊन उभे राहिले.

"चाराचा पाढा," मी म्हटलं. "करा सुरू."

रांग फुटली. पाय पायांवर पडले. मोरिओंची टाळी उशिरा आली, बाईंची लवकर. पण त्या थांबल्या नाहीत, धापा टाकत, घामाने केस कपाळाला चिकटलेले, पुढे जात राहिल्या. मग मध्येच उभ्या राहिल्या, आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना उत्तरं विचारली त्या बाई भेदरून सगळ्यांना विचारू लागल्या, "मी कुठे होते? कितीवर होते मी?"

मग मागून शिमोदा-सान म्हणाले, "मला नाही माहीत, बाई." त्यांचे कान लाल झाले होते. "न्हाणीघरात घोकूनही मला तिनाचं कधी आलं नाही. मी पहिल्यापासून तुमच्याकडे बघूनच टाळी वाजवत होतो."

"मीसुद्धा," कोपऱ्यातून कुणी म्हणालं.

"मीपण."

मग एकेक करत सगळी रांग.

कुवाबारा बाई सगळ्यांकडे बघत राहिल्या. इतके महिने ज्यांना भ्यायल्या, ते सगळे त्यांच्याच टाळीच्या आधाराने उभे होते. त्यांनी फूल काढून खिशात घातलं आणि मोरिओंना म्हणाल्या, "कुराता-सान, मग आता काय करायचं?"

"एकपासून," मोरिओ म्हणाले आणि त्यांनी पाय टाकला.